सरपंचपदाची सोडत आणि गावाचे कान

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी उचलायला बहुधा एखाद्या शाळकरी मुलाला पुढे बोलावतात. ‘सर्वसाधारण महिला’ अशी चिठ्ठी निघाली की गावातल्या पुढाऱ्यांची चुळबुळ सुरू होते. कुणाच्या बायकोला उभं करायचं, कुणाच्या सुनेला, याची गणितं त्याच दुपारी मांडली जातात. पुढे पाच वर्षं एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: बाई सहीपुरती, कारभार नवऱ्याचा. हे वाक्य कितपत खरं आहे, ते तपासायची संधी समाजविज्ञानाच्या अभ्यासकांना याच सोडतीने दिली.

एरवी असा अभ्यास करणं अवघड असतं. एखाद्या गावाने आपणहून बाईला निवडून दिलं, तर ते गाव मुळातच वेगळं असण्याची शक्यता मोठी. तिथे शिक्षण जास्त असेल, बचतगट जोरात असतील, एखाद्या चळवळीची परंपरा असेल. मग तिथल्या नळाला पाणी नीट येतं ते बाईमुळे की गावामुळे, हे सांगता येत नाही. चिठ्ठी मात्र गाव बघत नाही. नशिबाने राखीव झालेली गावं आणि नशिबाने खुली राहिलेली गावं बाकी सगळ्या बाबतींत सरासरीने सारखी असतात. त्यामुळे पुढे जो फरक दिसेल तो आरक्षणामुळेच पडला, असं ठामपणे म्हणता येतं. औषधाची चाचणी याच तत्त्वावर घेतात.

७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतींमधल्या एक तृतीयांश जागा व प्रमुखपदं महिलांसाठी राखीव झाली. (महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं.) पश्चिम बंगालमध्ये प्रधानपदाचं, म्हणजे तिथल्या सरपंचपदाचं, आरक्षण १९९८च्या निवडणुकीपासून लागू झालं. कुठली पंचायत राखीव हे यादीतल्या क्रमांकावरून ठरायचं, म्हणजे तिथेही कुणाच्या मर्जीचा संबंध नव्हता. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर असे दोन जिल्हे निवडले. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन्हीकडच्या मिळून २६५ पंचायतींमध्ये त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या: बायका आणि पुरुष पंचायतीकडे कोणत्या तक्रारी घेऊन जातात, आणि पैसा प्रत्यक्षात कुठे खर्च होतो.

बीरभूममध्ये पाणी आणि रस्ते या दोन्हींच्या तक्रारी बायकांकडून जास्त यायच्या. महिला प्रधान असलेल्या पंचायतींमध्ये या दोन्हींवर खर्च वाढलेला आढळला. उदयपूरमध्ये बायकांची तक्रार पाण्याची होती, रस्त्यांची ओरड पुरुषांची. तिथे महिला सरपंचांच्या काळात पाण्यावरचा खर्च वाढला आणि रस्त्यांवरचा घटला. बीरभूमच्या या प्रधान पुरुष प्रधानांच्या तुलनेत कमी शिकलेल्या, गरीब घरातल्या आणि राजकारणात नवख्या होत्या. नवऱ्याची मदत घेतो असं सांगणाऱ्याही त्यांच्यात जास्त होत्या. कारभार खरोखर नवऱ्यांच्याच हाती असता, तर पैसा नेमका बायकांच्या तक्रारींकडे वळला नसता. ‘सहीपुरती’ हा शब्द यापुढे जपून वापरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता त्रासदायक भाग. डुफ्लो आणि पेतिया तोपालोवा यांनी पुढे अनेक राज्यांमधली माहिती तपासली. महिला सरपंचांच्या गावात सोयी निदान तेवढ्याच चांगल्या होत्या, लाच कमी द्यावी लागत होती, तरीही गावकरी कमी समाधानी होते. काम समोर दिसत असूनही ते बाईच्या नावावर जमा होत नव्हतं.

असं का होतं, हे पाहण्यासाठी लोरी बीमन, डुफ्लो, रोहिणी पांडे, तोपालोवा आणि चट्टोपाध्याय यांनी बीरभूमच्या ४९५ गावांमध्ये एक साधा पण फार नेमका प्रयोग केला. त्यांनी एक भाषण ध्वनिमुद्रित केलं: गावकऱ्याची तक्रार आणि तिला प्रधानांनी दिलेलं उत्तर. शब्द न् शब्द तोच, फक्त प्रधानांचा आवाज एकदा पुरुषाचा आणि एकदा बाईचा. कुणाला कुठला आवाज ऐकवायचा हेही यदृच्छेने ठरवलं आणि मग विचारलं, हे प्रधान कसे वाटले? ज्या गावांत बाई कधीच प्रधान झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी गुण दिले. ज्या गावांनी महिला प्रधान पाहिली होती, तिथे हा फरक जवळजवळ उरला नाही.

याच अभ्यासात मनातले सुप्त कल तपासणारी चाचणीही होती. संगणकावर दोन गोष्टींची जोडी माणूस किती झटकन लावतो, त्यावरून हा कल मोजतात. बाई म्हणजे घरकाम ही पुरुषांच्या मनातली जोडी राखीव गावांत सैल झाली होती. पण नेता म्हणून पुरुषच आवडतो ही आवड जागची हलली नाही. बाईला हे जमतं, हे त्यांना पटलं होतं. तरी बाई पुढारी त्यांना आवडू लागली नव्हती. मला या संशोधनातला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष हाच वाटतो, कारण आवडनिवड बदलायची वाट न पाहताही पुष्कळ काही बदलतं, हे त्यातून कळतं. गावातल्या पहिल्या महिला प्रधानांना गावकरी पुरुषांपेक्षा कमी लेखत होते. दुसऱ्या खेपेच्या महिला प्रधानांना पुरुषांच्या बरोबरीने गुण मिळाले.

आणि मुली? २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात याच ४९५ गावांमधल्या किशोरवयीन मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची पाहणी आहे. दोन निवडणुका महिला प्रधान राहिलेल्या गावांत, मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल आईवडिलांनी धरलेल्या अपेक्षांमधली दरी २० टक्क्यांनी कमी झाली होती. मुलामुलींच्या स्वतःच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी घटली होती. शिक्षणातला फरक पुसला गेला होता आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला होता. तरुणींसाठी नोकरीच्या संधी वाढल्याचं काही आढळलं नाही. म्हणजे हा बदल मुख्यतः एक बाई खुर्चीवर बसलेली रोज दिसण्यातून आला.

आपल्याकडचा पुरावा मुंबईतून येतो. महापालिकेचे प्रभागही सोडतीनेच राखीव होत. रिखिल भावनानी यांनी १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले प्रभाग तपासले. तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट होती. जिंकू शकणाऱ्या बायका राजकारणात आल्या होत्या आणि बाई निवडून येते हे पक्षांनाही कळलं होतं.

बीरभूममध्ये मात्र खुल्या जागांवर बायका जास्त संख्येने उभ्या राहून जिंकू लागल्या त्या दोन खेपा आरक्षण मिळालेल्या ठिकाणी. लोकसभा आणि विधानसभांसाठी २०२३ साली झालेल्या महिला आरक्षण कायद्यात राखीव जागा मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर बदलतील अशी तरतूद आहे. आरक्षण फिरतं असावं की नाही यावर आपल्याकडे वाद होतो तो बहुतेक वेळा कुणाचा मतदारसंघ गेला या अंगाने. एका जागेवर ते निदान दोन निवडणुका टिकावं का, हा प्रश्न या आकडेवारीतून सरळ निघतो आणि तो या चर्चेत यायला हवा.