सर्व्हर मॉनिटरिंग

सर्व्हर मॉनिटरिंग : सर्व्हर, त्यांवर चालणाऱ्या सेवा आणि त्यांना जोडणारी उपकरणे यांची प्रकृती ठरावीक वेळाने तपासून, बिघाड दिसताच तो निस्तरणाऱ्या माणसापर्यंत खबर पोहोचवणारी व्यवस्था. हिची दोन अंगे आहेत : मोजमाप आणि इशारा. मोजमाप आता फारसे अवघड राहिलेले नाही. कोणत्या आकड्यासाठी माणसाला झोपेतून उठवायचे, हे ठरवणे मात्र अजूनही कठीण आहे आणि या क्षेत्रातली बरीचशी हुशारी त्याच प्रश्नावर खर्च झाली आहे.

सगळ्यात साधी तपासणी म्हणजे पिंग. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राला हाक मारतो आणि ओ येते का ते पाहतो. पण ओ आली म्हणजे सगळे आलबेल असे नाही. पिंगला उत्तर देते ती ऑपरेटिंग सिस्टिम. वरचा डेटाबेस बंद पडलेला असला तरी ते उत्तर येतच राहते. म्हणून सेवा जशी वापरली जाते तशीच ती तपासावी लागते. वेबसाइट असेल तर पान मागवून त्यात अपेक्षित मजकूर आहे का ते पाहायचे, मेल सर्व्हर असेल तर पोर्ट २५ वर (पोर्ट म्हणजे यंत्रावरील सेवेचा दरवाजा क्रमांक) जोडणी करून त्याची पहिली ओळ येते का ते पाहायचे. टीएलएस प्रमाणपत्राची (साइटची ओळख पटवून जोडणी सुरक्षित करणाऱ्या दाखल्याची) मुदतही अशीच बाहेरून तपासता येते, आणि ही तपासणी कुणीही कधीही वगळू नये. ती तारीख प्रमाणपत्रावर पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते, तरी तिच्यापायी साइट बंद पडतात.

मेमरी, डिस्क, प्रोसेसरवरचा भार या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. त्यासाठी सर्व्हरवर एजंट नावाचा लहान प्रोग्रॅम बसवतात. स्विच, राउटर, यूपीएस यांच्यावर सहसा काही बसवता येत नाही. त्यांची विचारपूस १९८८ मध्ये प्रमाणित झालेल्या एसएनएमपी या प्रोटोकॉलने होते. त्यात मॉनिटरिंग सर्व्हर पोर्ट १६१ वर प्रश्न विचारतो, आणि उपकरणाला स्वतःहून काही सांगायचे असेल तर ते पोर्ट १६२ वर ‘ट्रॅप’ पाठवते. ट्रॅप सहसा यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागता निरोप धाडण्याच्या पद्धतीने जातो. पोच मिळण्याची हमी नसल्याने तो वाटेत हरवला तरी कुणाला कळत नाही. त्यामुळे ट्रॅप असले तरी नियमित गस्त चालू ठेवावीच लागते.

आजच्या मॉनिटरिंगची पुष्कळशी भाषा नॅगिऑस या मुक्त सॉफ्टवेअरने रूढ केली. इथन गॅलस्टॅड यांनी ते १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने प्रसिद्ध केले. पुढे नाव बदलावे लागले. त्याची रचना अगदी साधी आहे. तपासणी करणारा प्रत्येक प्लगइन (जोडप्रोग्रॅम) हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो आणि तो संपताना एक आकडा देतो : ० म्हणजे ओके, १ म्हणजे वॉर्निंग, २ म्हणजे क्रिटिकल, ३ म्हणजे अननोन. एवढा करार पाळला की कुणालाही कोणत्याही भाषेत स्वतःचा प्लगइन लिहिता येतो. म्हणूनच इतक्या वर्षांत हजारो प्लगइन तयार झाले.

एक डिस्क घेऊन हे जवळून पाहू. वॉर्निंग ८० टक्क्यांवर आणि क्रिटिकल ९० टक्क्यांवर ठेवले आहे, तपासणी दर १० मिनिटांनी होते. ०२:१० ला डिस्क ९१ टक्के भरलेली दिसते. नॅगिऑस लगेच एसएमएस धाडत नाही. तो या स्थितीला ‘सॉफ्ट’ म्हणतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा पाहतो. कदाचित एखादा बॅकअप चालू असेल आणि तात्पुरती फाइल निघून जाईल. ०२:१२ ला तेच, ०२:१४ ला तेच. तीन प्रयत्न ठरवलेले असतील तर आता स्थिती ‘हार्ड’ होते आणि फोन वाजतो. (ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल, तर पुण्यात बसून परदेशातले सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या घड्याळात तेव्हा सकाळचे ७:४४ झालेले असतात. हे साडेपाच तासांचे गणित डोक्यात पक्के नसले की लॉगमध्ये भलत्याच ठिकाणी शोध सुरू होतो.)

अ‍ॅडमिन लॉगिन करतो, एक जुनी अवाढव्य लॉग फाइल (घडामोडींची नोंदवही) उडवतो, आणि आकडा हलतच नाही. लिनक्सवर हे नेहमी घडते : एखाद्या प्रोसेसने फाइल उघडून धरली असेल, तर फाइल यादीतून जाते पण जागा सुटत नाही. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की सुटते. कधी उलटेही होते. जागा भरपूर दिसते, तरी नवी फाइल तयार होत नाही, कारण आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा, संपलेले असतात. म्हणून डिस्कच्या जागेबरोबर आयनोडवरही नजर ठेवावी लागते.

टक्केवारीच्या थ्रेशोल्डची, म्हणजे इशाऱ्यासाठी ठरवलेल्या मर्यादेची, एक अडचण आहे. २० जीबीची डिस्क ९० टक्के भरली तर २ जीबी उरतात, २ टीबीची भरली तर २०० जीबी. दोन्हींसाठी सारखीच घाई करणे चूक आहे. प्रोमिथियस या प्रणालीत यावर चांगला उपाय आहे : गेल्या काही तासांत डिस्क कोणत्या वेगाने भरली ते पाहून, याच वेगाने चार तासांनी ती पूर्ण भरेल का, असे थेट विचारता येते. प्रोमिथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत झाली. ती स्वतः प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन आकडे ओढून आणते. सर्व्हरवरचा नोड एक्सपोर्टर हा लहान प्रोग्रॅम पोर्ट ९१०० वर ते मांडून ठेवतो. या पद्धतीचा मोठा फायदा असा की आकडे मिळाले नाहीत, हीसुद्धा लगेच बातमी होते. सर्व्हरने आपणहून आकडे पाठवायचे असतील, तर तो गप्प झाल्याचे ओळखायला वेगळी तरतूद लागते.

आता इशारा. एक स्विच बंद पडला आणि त्यामागे चाळीस सर्व्हर असतील, तर एकेचाळीस एसएमएस येणे हा मॉनिटरिंगचाच दोष आहे. नॅगिऑसमध्ये कोणते यंत्र कोणाच्या मागे आहे ते सांगून ठेवता येते. मग स्विच ‘डाऊन’ आणि मागचे सर्व्हर ‘अनरीचेबल’ ठरतात. प्रोमिथियसचा अलर्टमॅनेजर हा इशारे पाठवणारा भाग एकाच जातीचे इशारे गोळा करतो. वेगळे काही सांगितले नसेल तर तो पहिल्या इशाऱ्यानंतर ३० सेकंद थांबतो, मग सगळ्यांचा एक निरोप पाठवतो, आणि बिघाड तसाच राहिला तर चार तासांनी पुन्हा आठवण करतो. निरोप मिळालेल्याने ‘मी पाहतो आहे’ अशी नोंद केली की अनेक प्रणालींत पुढचे निरोप थांबतात. नोंद झाली नाही तर थोड्या वेळाने वरिष्ठाचा फोन वाजतो. ठरवून केलेल्या कामासाठी आधीच डाऊनटाइम, म्हणजे इशारे न पाठवण्याची वेळ, लावून ठेवतात. तो न लावता सर्व्हर रीबूट करणे म्हणजे ऑन-कॉल (फोन घेण्याची पाळी असलेल्या) सहकाऱ्याची झोप विनाकारण मोडणे.

इशारे अति झाले की ‘रोज मरे त्याला कोण रडे’ अशी गत होते. रोज रात्री येणारा आणि सकाळी आपोआप मिटणारा निरोप माणूस न वाचताच पुसू लागतो, आणि त्याच गर्दीत एके रात्री रेडमधली (एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कमधली) डिस्क गेल्याचा निरोपही पुसला जातो. दुसरी डिस्क जाते तेव्हा हे लक्षात येते. त्यामुळे अनुभवी अ‍ॅडमिन प्रत्येक इशाऱ्याला एकच प्रश्न विचारतात : हा आल्यावर माणसाने आत्ता काही करायचे आहे का? नसेल तर तो फोनवर येऊ नये. सकाळी आलेखात दिसला तरी पुरे. प्रोसेसर ९५ टक्के चालला आहे, हा अशाच फुकटच्या इशाऱ्यांपैकी एक. वापरकर्त्यांना पाने वेळेवर मिळत असतील, तर प्रोसेसर कामाला लागलेला असणे ही तक्रार नाही.

राहतो तो दिव्याखालचा अंधार. मॉनिटरिंग सर्व्हरच बंद पडला तर एकही इशारा येत नाही, आणि ती शांतता अगदी निरोगी सर्व्हरसारखीच दिसते. यासाठी ‘वॉचडॉग’ नावाचा, कायम चालू राहणारा इशारा ठेवतात. तो बाहेरच्या दुसऱ्याच सेवेकडे सतत जात असतो, आणि तो यायचा थांबला की ती सेवा फोन करते. इंटरनेटची लाइन तुटली तर ईमेलही बाहेर पडत नाही. त्याची काळजी असलेल्या ठिकाणी मॉनिटरिंग सर्व्हरला सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम जोडतात, आणि एसएमएस कार्यालयाच्या नेटवर्कला न शिवता थेट मोबाइलच्या टॉवरवरून जातो.