भुईकोट किल्ल्याजवळच्या जुन्या घराची दुरुस्ती : परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. त्यामुळे त्याच्या आसपास घराचं काम काढायचं तर महापालिकेच्या आधी पुरातत्त्वाची परवानगी लागते. १९५८ च्या प्राचीन स्मारकं कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. अंतर बुरुजापासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात. डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका, मोजणी करून नकाशावर दाखवा.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही आणि पाडून तसंच पुन्हा उभारणंही नाही. फक्त दुरुस्ती व नूतनीकरण, तेही घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेलं असेल तर. विनियमित क्षेत्रात नवं बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती सगळं चालतं, पण पूर्वपरवानगीनेच.

घोटाळा होतो तो इथे. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) तुळया वाळवीने पोखरलेल्या असतात, कंत्राटदार म्हणतो, 'सगळं उतरवून नव्याने घेऊ.' भिंती उतरल्या की दुरुस्त करायला घरच उरत नाही, आणि १०० मीटरच्या आत पुन्हा उभारता येत नाही. मजला चढवणं किंवा अंगणात खोली वाढवणं हेही कायद्याने बांधकामच. म्हणून परवानगी हाती येईपर्यंत टेकू द्या, पण भिंतीला हात लावू नका. प्लास्टर, फरशी अशा किरकोळ कामांना महापालिका परवानगी मागत नाही म्हणून इथेही लागणार नाही, असं धरून चालू नका.

अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे ऑनलाइन करायचा. सोबत मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), घरपट्टीची पावती, जागेचा नकाशा, घराचा आराखडा, दर्शनी बाजू व छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारा नकाशा), चारही बाजूंचे फोटो आणि कामाचं नेमकं वर्णन जोडा. घर १९९२ पूर्वीचं असल्याचा पुरावा सर्वांत मोलाचा : जुना कर आकारणी उतारा, मंजूर नकाशा, वीजजोडणीची नोंद. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून घ्या. सहहिस्सेदारांची संमतीही आताच गोळा करा.

विनियमित क्षेत्रात नवं बांधणार असाल तर उंची जपून लिहा. मंजूर उंचीत बहुधा जिन्याची खोली, कठडा आणि पाण्याची टाकीही धरलेली असते. टाकी विसरली तर नकाशा पुन्हा काढावा लागतो.

सक्षम प्राधिकारी १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे धाडतो, तिथे दोन महिने, मग निर्णयाला एक महिना. ही कायद्यातली मुदत पूर्ण अर्जाची, त्रुटी निघाली की जास्त. पावसाआधी एप्रिल-मेमध्ये माळवद बदलायचं तर डिसेंबरातच अर्ज गेलेला बरा.

ना-हरकत मिळाल्यावर ती जोडून महापालिकेच्या बांधकाम परवानगीचा अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत करा. दोन्ही नकाशे तंतोतंत जुळायला हवेत. परवानगीशिवाय काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगीची प्रत कामाच्या जागी ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढत जा.