सिडनॅम कोरिया

सिडनॅम कोरिया : संधिज्वराशी (घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांधे व हृदय यांना दाह होणारा आजार) निगडित असलेला बालवयातील मेंदूविकार. सर्वसाधारणपणे ५ ते १५ वर्षे या वयात आणि मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळतो. चेहरा, जीभ व हातपाय यांच्या अनैच्छिक, झटकेवजा आणि अनियमित हालचाली हे मुख्य लक्षण होय. झोपेत त्या बहुधा थांबतात. अक्षर बिघडते, हातातील वस्तू पडतात, मूल क्षणात रडते, क्षणात चिडते. यामुळे आजारी मुलाला धांदरट वा हट्टी ठरवून शिक्षा होण्याचे प्रकार पूर्वी घडत.

इंग्लिश वैद्य टॉमस सिडनॅम (१६२४–८९) यांनी केलेले वर्णन सामान्यतः १६८६ चे मानले जाते. एक पाय ओढत चालणारे, हात क्षणभरही स्थिर ठेवता न येणारे आणि पेला तोंडाशी नेताना अनेक हातवारे करणारे मूल त्यांनी नेमके टिपले. त्यांनी या विकाराला सेंट व्हायटसचे नृत्य म्हटले. मात्र हे नाव आधीपासून मध्ययुगीन नृत्योन्मादासाठी रूढ होते. स्ट्रासबर्ग येथे १५१८ मध्ये प्रौढ माणसे दिवसेंदिवस नाचत राहिली, त्या प्रसंगाशी बालकांच्या या विकाराचा संबंध जोडणे युक्त वाटत नाही. हृदय वा सांधे यांचा उल्लेख सिडनॅम करीत नाहीत. दूषित द्रव मज्जातंतूंना क्षोभवतो असे मानून त्यांनी रक्तमोक्षण (शिरेतून रक्त काढणे) व रेचके (जुलाबाची औषधे) यांचा आलटून पालटून वापर केला.

स्टेथॉस्कोप (१८१६) हाती आल्यावर चित्र पालटले. अशा मुलांच्या हृदयात मर्मरध्वनी (झडपांच्या बिघाडाने येणारा जादा आवाज) ऐकू येऊ लागला. फ्रान्समध्ये झेरमँ से यांनी १८५० च्या सुमारास संधिज्वराशी असलेला संबंध रुग्णसंख्येच्या आधारे मांडला. तरी भीती वा मानसिक धक्का हेच कारण मानणारा पक्ष बराच काळ टिकून होता.

रोहिण्यांचा (हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचा) प्रश्न येथेच उपस्थित झाला. लंडनचे विल्यम सेनहाउस कर्क्स यांनी १८५२ मध्ये दाखविले की, हृदयाच्या झडपांवरील कण सुटून रक्तावाटे दूर जातात व रोहिणी बंद करतात. त्यामुळे झडपेचा विकार असलेल्या रुग्णाला अचानक अर्धांगवायू झाला, तर मेंदूतील रोहिणी अडल्याचे निदान जिवंतपणीच करणे शक्य झाले. हीच उपपत्ती पुढे कोरियालाही लावण्यात आली. मेंदूतील बारीक रोहिण्यांत अंतर्कील (रक्तातून वाहत येऊन वाहिनी बंद करणारा कण) अडकल्याने हालचाली उद्‌भवतात, हे मत इंग्लिश मेंदूविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी उचलून धरले. परंतु बहुतेक मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत बरी होतात, हालचाली बहुधा दोन्ही बाजूंना असतात, आणि शवविच्छेदनात अंतर्कील नेहमी सापडत नसे. त्यामुळे ही उपपत्ती मागे पडली. कोरिया व हृदयविकार एकत्र आढळतात हे तिच्यामागील निरीक्षण मात्र खरे होते. वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८९४ मध्ये पूर्वी कोरिया झालेल्या रुग्णांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे निम्म्यांत हृदयविकाराची चिन्हे होती.

एकोणिसाव्या शतकातील उपचारांत लोहाचे क्षार, गंधकस्नान, लंडनच्या गायज रुग्णालयातील विद्युत् उपचार आणि पॅरिसच्या बालरुग्णालयातील शिस्तबद्ध व्यायाम यांचा समावेश होता. सर्वांत रूढ औषध आर्सेनिकयुक्त फाउलर द्रावण हे असून त्याने विषबाधेचा धोका संभवे. विकार आपोआप ओसरणारा असल्याने यशाचे श्रेय औषधाला देण्याविषयी सावध राहावे लागते. अंथरुणातील विश्रांती, पौष्टिक आहार व शांत खोली यांनी अपाय तरी होत नसे.

गट-अ स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या घसासंसर्गानंतर, बहुधा १ ते ६ महिन्यांनी, हा विकार उद्‌भवतो. जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मेंदूच्या बेसल गँग्लिया या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाशी विक्रिया करतात, असे आता बहुतांशी मानले जाते. वैद्य टी. डकेट जोन्स यांच्या संधिज्वराच्या निदानासाठीच्या १९४४ च्या निकषांत कोरिया हे संधिज्वराचे प्रमुख लक्षण आहे. विकार उलटू शकतो व झडपा आणखी बिघडू शकतात, म्हणून हालचाली थांबल्यानंतरही दीर्घकाळ पेनिसिलीन दिले जाते. भारतात संधिज्वरजन्य हृदयविकार अद्याप आढळत असल्याने कोरिया झालेल्या प्रत्येक मुलाच्या हृदयाची प्रतिध्वनी तपासणी (इकोकार्डिओग्राफी) आवश्यक ठरते.