लाद्यांच्या सांध्यांवर पांढरं सिमेंट फासलं की झालं?

फोंडा असो वा म्हापसा, न्हाणीच्या लाद्यांमधलं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला, झडायला लागलं की सल्ला एकच मिळतो: पांढरं सिमेंट कालवा आणि वरून फासा. हा उपाय टिकत नाही, आणि त्यात दोष फक्त सिमेंटचा नसतो.

जुन्या ग्राउटवर साबण, तेल आणि बुरशीचा थर असतो. त्यावर नवा पातळ लेप धरत नाही. नुसतं पांढरं सिमेंट तर सुकताना आकसतं, भेगाळतं आणि पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून आधी खरवडणं आलं. ग्राउट काढायच्या हातकरवतीने सांधा निदान अर्ध्या खोलीपर्यंत, जमल्यास दोन तृतीयांश, मोकळा करा. लादीची कड जपा. धूळ झाडून, पुसून सांधा पूर्ण सुकू द्या. गोव्याच्या पावसाळ्यात हे सुकणंच कठीण, तेव्हा काम उन्हाळ्यात उरकलेलं बरं. मग पॉलिमर मिसळलेलं तयार ग्राउट रबरी पट्टीने तिरकं दाबून भरा. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच; सैल कालवलेलं ग्राउट कमजोर होतं.

भिंत आणि जमीन जिथे मिळते तो कोपरा ग्राउटने भरू नका. तिथे सांध्याची बारीक हालचाल होत असते, म्हणून रबरासारखं लवचिक सिलिकॉन सीलंट हवं.

आणि न्हाणी धुवायला वापरतात ते अ‍ॅसिड! काळे सांधे त्याने उजळतात खरे, पण ते सिमेंटच खातं. दर महिन्याला अ‍ॅसिड ओतायचं आणि ग्राउट झडलं म्हणून गवंड्याला बोल लावायचा, हे काही बरोबर नाही.