पहिल्याच भेटीत साखर का तपासायची?

गरोदरपणातला मधुमेह ओळखायला बाईची साखर २४ ते २८ आठवड्यांत तपासायची, हा रिवाज डॉक्टरांच्या अंगवळणी पडला आहे. त्या सुमारास वारेतल्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा जोर कमी पडू लागतो, हे त्यामागचं जुनं कारण.

या मधुमेहाच्या निदानाचे निकष आले अमेरिकेतल्या बोस्टनहून. १९६४ साली ओ'सलिव्हन आणि मेहॅन यांनी ७५२ स्त्रियांना १०० ग्रॅम ग्लुकोज पाजून आकडे ठरवले, पण ते आईला पुढे मधुमेह होईल का हे ओळखायला. बाळाचा विचार त्यात नव्हताच! तो नीट व्हायला २००८ उजाडलं. ९ देशांत झालेल्या 'हापो' अभ्यासात २३ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची माहिती तपासली गेली. साखर वाढेल तसं बाळ अंगाने मोठं भरण्याचं प्रमाणही वाढत होतं, आणि अमुक आकड्यापर्यंत धोका नाही अशी रेघ कुठेच मारता येत नव्हती.

साखर वाढण्यामागे संप्रेरकांखेरीज दाहही (शरीरातली अंतर्गत सूज) असावा, हा धागा वेगळीकडून आला. चरबीच्या पेशींतून टीएनएफ-अल्फा हे दाहक प्रथिन पाझरतं आणि इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं, हे १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांत दिसलं. २००२ मध्ये गरोदर स्त्रियांतही त्याचा इन्सुलिन-रोधाशी संबंध आढळला, तेव्हा सगळं खापर संप्रेरकांवर फोडणं अवघड झालं. पुढच्याच वर्षी पहिल्या तिमाहीतला वाढलेला सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि नंतर उद्भवणारा मधुमेह यांचा संबंध मांडला गेला. मात्र आईचं वजन हिशेबात धरलं की तो बराच सैल पडतो.

आपल्याकडे वजनावर भिस्त ठेवणंही धोक्याचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतली बाळं मोजली, तर ती वजनाला कमी पण चरबी राखून असलेली निघाली. म्हणजे वजन कमी म्हणून चरबी कमी असं धरता येत नाही. किडकिडीत दिसणाऱ्या आईलाही म्हणूनच वगळता येत नाही.

चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी धरलेला सर्वांच्या तपासणीचा आग्रह सरकारी मार्गदर्शक सूचनांत उतरला. नाव नोंदवायला आलेल्या बाईला, ती जेवून आली असली तरी, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला द्यायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी. दोन तासांनी साखर १४० मिग्रॅ/डेसीलिटर किंवा वर भरली तर निदान पक्कं, नाहीतर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तीच तपासणी. उपाशीपोटी परत बोलावलं तर लांबच्या वाडीवरची बाई येईलच असं नाही, हा व्यवहार शेषय्यांनी ओळखला होता. माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल तिथेच आहे.

लवकर निदान करून लगेच उपचार केले तर फायदा किती? २०२३ च्या 'टोबॉग्म' चाचणीत २० आठवड्यांआधी उपचार सुरू केल्यावर नवजात बाळांचे त्रास काहीसे कमी झाले. पण ज्यांचे उपचार लांबवले होते, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश स्त्रिया २४ ते २८ आठवड्यांच्या तपासणीत मधुमेहमुक्त निघाल्या. अशा स्त्रिया आधीच वेगळ्या काढायला दाहाची खूण कामी येईल, ही आशा संशोधकांना आहे. सीआरपी एकट्याने ते करील असं वाटत नाही. तो साध्या सर्दी-तापानेही चढतो.