हॅवरसाइन गेला, वजा चिन्ह आले

दापोली-रत्नागिरीकडच्या अनेक घरांतले कोणी ना कोणी ‘बोटीवर’ असते, त्यामुळे सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचे साधन, हे इथे वेगळे सांगायला नको. गाठी मारलेली दोरी दातांत धरून फळीने ध्रुवाची उंची मोजणारे अरबी समुद्रातले जुने नाखवेही ऐकून माहीत असतात. कोन मोजणे कधीच फार अवघड नव्हते. घाम फुटायचा तो त्यावरून जहाज कुठे आहे हे काढायच्या आकडेमोडीला.

आज चालते ती इंटरसेप्टची रीत १८७५ सालची, एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची. आपण अमुक ठिकाणी आहोत असे धरायचे, तिथून सूर्य किती उंच दिसायला हवा ते काढायचे आणि मोजलेल्या उंचीशी ताडून पाहायचे. कोनाच्या एका मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) फरक म्हणजे एक सागरी मैल.

ही ‘दिसायला हवी ती’ उंची काढायचे सरळ सूत्र साइन-कोसाइनचे आहे, पण शंभर वर्षे पोरांनी घोकला तो हॅवरसाइन. नाव परके असले तरी वस्तू ओळखीची आहे : सूर्यसिद्धान्तातली उत्क्रमज्या (आजच्या भाषेत १ वजा कोसाइन) निम्मी केली की झाला हॅवरसाइन. त्याचा हट्ट का, तर गुणाकार लॉगच्या कोष्टकांवर व्हायचे आणि ऋण संख्येला लॉग नसतो. कोसाइन ९० अंशांपुढे ऋण होतो; हॅवरसाइन मात्र कायम शून्य ते एकच्या आत. चिन्हांची कटकट मग ‘सेम नेम, कॉन्ट्ररी नेम’वर सोपवली. अक्षांश आणि डेक्लिनेशन (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे तो कोन) दोन्ही उत्तर असतील तर वजाबाकी, एक उत्तर नि एक दक्षिण असेल तर बेरीज.

१९७२ साली खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आला. लॉगची गरज संपली, आणि हॅवरसाइनचे तर त्यावर बटणही नव्हते. कोष्टके उलटत वाढलेल्यांना हा आळस वाटला. माझ्या मते त्यांचे अर्धे बरोबर होते, कारण सरळ सूत्रात दक्षिण डेक्लिनेशनला वजा चिन्ह आपणच द्यावे लागते. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तरेला. डिसेंबरात भर दुपारी वजा विसरलात तर उत्तर चौतीसेक अंशांनी चुकते. इतकी ढोबळ चूक लगेच दिसते. पण पावसाळा ओसरताना, सप्टेंबरातल्या संपातानंतर एक-दोन दिवसांनी, डेक्लिनेशन जेमतेम अर्धा अंश दक्षिण असते. तेव्हा विसरलात तर चूक एका अंशाची, म्हणजे ६० मैलांची. उभे आहात रत्नागिरीसमोर आणि कागदावर हरिहरेश्वर! उत्तर दिसायला अगदी शहाणे, म्हणून जास्त धोक्याचे.

पुढे अंश-मिनिट-सेकंदांचे बटण आले, त्याचा वेगळा घोळ. अल्मनॅकमध्ये, म्हणजे सूर्य-ताऱ्यांच्या जागा देणाऱ्या खलाशांच्या पंचांगात, १२.४ मिनिटे छापलेली असतात, बटणाला १२ मिनिटे २४ सेकंद लागतात. १२ मिनिटे ४ सेकंद दाबलेत तर चूक मैलाच्या एक तृतीयांशाची, म्हणून फारसे कोणी हळहळत नाही.

१९८९च्या अल्मनॅकपासून कॅल्क्युलेटरची सूत्रे त्यातच छापून येऊ लागली. १९९५ला जीपीएस पूर्ण क्षमतेने सुरू झाले, आणि सेक्स्टंट पेटीत गेला. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या २०१०च्या मनिला दुरुस्त्यांनी खगोलीय नौकानयन अभ्यासक्रमात राखले, पण सोबत इलेक्ट्रॉनिक अल्मनॅक आणि गणिताचे सॉफ्टवेअर वापरायलाही उत्तेजन दिले. त्यात डेक्लिनेशन चिन्हासकट आतूनच येते, वजा दाबायचे कामच उरत नाही.