विल्म्स ट्यूमर: उपचार वाढवण्याचा, आणि मग कमी करण्याचा इतिहास

लहान मुलांच्या किडनीत होणारा कॅन्सर बहुतेक वेळा विल्म्स ट्यूमर असतो. साधारण दहा हजार मुलांत एकाला तो होतो, बहुधा पाच वर्षांच्या आत. मूल खेळत असतं, खात-पीत असतं, आणि आंघोळ घालताना पोटाच्या एका बाजूला टणक गोळा हाताला लागतो. तो सहसा दुखत नाही. काहींना लघवीतून रक्त जातं, काहींचा रक्तदाब वाढलेला निघतो. (असा गोळा पुन्हा पुन्हा दाबून बघू नये. गाठ फुटली तर पेशी पोटात पसरतात आणि उपचार जड होतात.)

आज वेळेवर पूर्ण उपचार मिळालेल्या दहापैकी जवळपास नऊ मुलं बरी होतात. जर्मन सर्जन माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला, त्या काळी हे कुणाला खरं वाटलं नसतं. या गाठी गर्भावस्थेतल्या अपक्व पेशींपासून वाढतात, हे त्यांनी मांडलं. पण तेव्हा हाती होती ती फक्त शस्त्रक्रिया, आणि तीही अनेकदा मुलाच्या जिवावर बेतायची.

१९३० च्या दशकात बॉस्टनमध्ये सर्जन विल्यम लॅड यांनी पद्धत बदलली. पोट समोरून उघडायचं, किडनीच्या रक्तवाहिन्या आधी बांधायच्या आणि गाठ न फोडता अलगद काढायची. एवढ्यावर सुमारे एक तृतीयांश मुलं वाचू लागली. रेडिएशनची जोड मिळाल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेलं.

पुढची मोठी उडी औषधांनी मारली. मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून १९४० मध्ये मिळालेलं अ‍ॅक्टिनोमायसिन-डी जंतुसंसर्गावर वापरायला फार विषारी ठरलं होतं. १९५० च्या दशकात बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी तेच विल्म्स ट्यूमरवर वापरलं, तेव्हा फुफ्फुसात पसरलेल्या गाठीही विरू लागल्या. पुढे सदाफुलीपासून मिळालेलं व्हिन्क्रिस्टिन आलं. ही दोन औषधं आजही उपचाराचा कणा आहेत.

मला मात्र यानंतरचा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. एका रुग्णालयात अशी मुलं मोजकीच येतात, म्हणून १९६९ मध्ये अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून नॅशनल विल्म्स ट्यूमर स्टडी सुरू केला. दोन्ही औषधं एकत्र दिली तर एकट्या औषधापेक्षा गुण जास्त येतो, हे त्यातून सिद्ध झालं. शिवाय गाठ किडनीपुरतीच असून पूर्ण निघाली असेल, तर दोन वर्षांखालच्या मुलांना रेडिएशनची गरज नाही, हेही दिसलं. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर पंधरा महिन्यांऐवजी सहा महिन्यांची केमोही पुरली. ही कपात आवश्यकच होती. रेडिएशनमुळे मणक्याची वाढ खुंटून पाठ वाकडी झालेली मुलं डॉक्टर पाहत होते. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या आणखी एका औषधाने हृदयावर होणारा परिणाम तर कधीकधी अनेक वर्षांनी कळतो. नुसतं बरं करणं पुरेसं नाही, असं या अभ्यासाचे प्रमुख ज्युलिओ डॅन्जिओ यांनी १९७५ मध्येच लिहिलं.

युरोपातल्या गटाने आधी काही आठवडे केमो देऊन गाठ आकसवायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, असा मार्ग धरला. अमेरिकेत शक्य तिथे आधी शस्त्रक्रिया होते. दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच आहेत, त्यामुळे दोन डॉक्टरांनी वेगळा क्रम सांगितला म्हणून पालकांनी धास्तावू नये.

कोणतं मूल कितपत बरं होईल, हे स्टेजइतकंच (म्हणजे आजार किती पसरला आहे) गाठीच्या पेशींवर ठरतं. ब्रूस बेकविथ आणि नॅन्सी पामर यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की अ‍ॅनाप्लेसिया म्हणजे फार विकृत केंद्रकांच्या पेशी असलेली गाठ औषधांना कमी दाद देते. गाठभर असा अ‍ॅनाप्लेसिया असेल आणि आजार पसरलेला असेल, तर आजही लढत कठीण आहे. म्हणून काढलेल्या गाठीची तपासणी अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून होणं फार महत्त्वाचं. आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत, आणि बऱ्याचदा फुफ्फुसात. त्यामुळे मूल ठणठणीत दिसत असलं तरी छातीच्या तपासण्या चुकवू नयेत.

गरीब देशांत मात्र बरं होणाऱ्या मुलांचं प्रमाण अजून बरंच खाली आहे. तिथे गाठ फार मोठी झाल्यावर मुलं रुग्णालयात पोहोचतात, आणि प्रवास, खर्च, बुडालेली मजुरी यांपायी अनेक कुटुंबांना उपचार अर्ध्यावर सोडावे लागतात. दोन्ही मुख्य औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असूनही ही स्थिती आहे.